आकड्याच्या शेजारचा शब्द

भाचेबाई, डेस्कवर बसलीस की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी तुला सांगेल, ‘आकडे दोनदा तपास.’ तपासच. पण मी सांगतो ते जरा निराळं आहे. आकड्याच्या शेजारचा शब्द दोनदा वाच. इंग्रजी कॉपीत आकडा बहुतेक वेळा बरोबरच आलेला असतो. मराठीत येताना तो बिघडतो ‘बाय’, ‘टू’, ‘पॉइंट’, ‘अप टू’ असल्या चिल्लर शब्दांपायी, आणि सकाळी वाचकाचा फोन येतो तोही त्यांच्यापायीच.

आमचे वृत्तसंपादक कॉपी हातात घेतली की लाल पेन आकड्याच्या पुढेमागे फिरवायचे आणि विचारायचे, ‘कशाचं? कशापासून? किती वेळात?’ एवढे तीनच प्रश्न. समोरचा उपसंपादक नवा असो की मुरलेला, तीनपैकी एकाला तरी अडखळायचाच. मी ते प्रश्न त्यांच्याकडून उचलले, आता तू माझ्याकडून घे.

आधी मिलियन-बिलियनचा हिशेब पक्का कर. दहा मिलियन म्हणजे एक कोटी, म्हणून मिलियनला दहाने भागलं की कोटी हातात येतात. बिलियनला शंभराने गुणायचं, २.४ बिलियन म्हणजे २४० कोटी. ट्रिलियनला काहीच करायचं नाही. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी, आकडा आहे तोच राहतो. स्वल्पविराम मात्र नव्याने द्यायचे. एजन्सीच्या कॉपीत १२,३४५,६७८ असं येतं, आपण १,२३,४५,६७८ लिहितो. घाईत त्यांचेच स्वल्पविराम राहिले की वाचणारा लाख शोधत बसतो.

बिलियनला अब्ज म्हटलं तर चूक नाही, पण मी शंभर कोटीच लिहायचो. आपला वाचक मोठा पैसा कोटीत मोजतो. अब्ज वाचला की तो क्षणभर थांबतो. आणि अब्जाच्या पुढे तर जाऊच नकोस. आपल्या जुन्या गणतीत खर्व म्हणजे दहा अब्ज, हिंदीतला खरब मात्र शंभर अरब. हिंदी कॉपीवरून बातमी करताना खरबचा खर्व केलास तर रक्कम दहा पटीने आक्रसली म्हणून समज. त्यापेक्षा लाख कोटी बरे.

ट्रिलियनच्या मागे चलन कोणतं तेही बघ. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था एक ट्रिलियनची करायची असं भाषणात येतं, ते ट्रिलियन डॉलरचे असतात. डॉलर ८५ रुपयांना धरला तर ते ८५ लाख कोटी रुपये होतात. त्याच पानावर शेजारी राज्याच्या अर्थसंकल्पाची बातमी रुपयांत असते, आणि वाचक दोन्ही आकडे एकाच फूटपट्टीने मोजतो. चलन लिहायला एक शब्द लागतो, तेवढी जागा कुठल्याही कॉलमात असते.

रविवार पुरवणीसाठी जुन्या इंग्रजी पुस्तकावरून काही लिहिणार असशील तर बिलियनपाशी आणखी एकदा थांब. ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे मिलियन मिलियन, म्हणजे आपले एक लाख कोटी. १९७४ च्या डिसेंबरात पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेत सांगितलं की यापुढे सरकारी आकडेवारीत बिलियन म्हणजे हजार मिलियनच धरले जातील. जर्मनीत मात्र अजून जुनीच रीत आहे. तिथे आपल्या अब्जाला मिलियार्डे म्हणतात आणि बिलियोन म्हणजे लाख कोटी. पुण्यात जर्मन शिकून तिकडे गेलेली पोरं पहिल्यांदा तिथलं वर्तमानपत्र उघडतात तेव्हा इथेच गडबडतात.

हजार मिलियन हे ब्रिटिश मोजणीतलं बोलणं आपल्या पाटबंधारे खात्यात आजही रोज चालतं. टीएमसी म्हणजे थाउजंड मिलियन क्युबिक फूट, सरळ मराठीत शंभर कोटी घनफूट. कोल्हापूर-सांगलीच्या डेस्कवर जून ते सप्टेंबर तुझं निम्मं आयुष्य टीएमसी आणि क्युसेक या दोन शब्दांत जाणार, तेव्हा त्यांच्याकडे नीट बघ. टीएमसी हा साठा आहे. क्युसेक हा वेग आहे, एका सेकंदाला एक घनफूट. ‘सेकंद’ त्या शब्दाच्या पोटातच आहे, म्हणून ‘क्युसेक प्रतिसेकंद’ असं लिहिलेलं दिसलं की काट. आणि ‘धरणातून दहा हजार क्युसेक पाणी सोडले’ असं लिहिलं की वाचकाला वाटतं, दहा हजार म्हणून काहीतरी होतं ते सोडून संपलं. ‘दहा हजार क्युसेकने विसर्ग सुरू आहे’ असं लिही, म्हणजे नळ चालू आहे हे कळतं.

दोन्हींचा सांधा जोडणारं गणित एकदा स्वतः करून बघ. दिवसाचे ८६,४०० सेकंद. शंभर कोटीला त्याने भागलं की सुमारे ११,५७४ येतात. म्हणजे तितक्या क्युसेकने अखंड चोवीस तास पाणी वाहिलं की एक टीएमसी. आता राधानगरीचं घे. धरण ८.३६ टीएमसीचं. सात स्वयंचलित दरवाजे, एका दरवाजातून १,४२८ क्युसेक. सातही उघडले की ९,९९६, म्हणजे दिवसभरात पाऊण टीएमसीहून थोडं जास्त पाणी पंचगंगेच्या दिशेने निघतं. एखाद्या मोठ्या धरणाचा विसर्ग एक लाख क्युसेकचा असेल तर दिवसाला साडेआठ टीएमसीच्या वर, म्हणजे एका दिवसात एक राधानगरी. असं एक वाक्य बातमीत घातलंस तर शिरोळचा शेतकरी तुझी बातमी कापून ठेवेल. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या वादात दोन्ही बाजूंची माणसं नुसते लाख लाख क्युसेक एकमेकांवर फेकतात, किती तास ते कुणी सांगत नाही. तिथे आमच्या वृत्तसंपादकांचा तिसरा प्रश्न विचारायचा : किती वेळात?

मराठवाड्यातून बातमी आली तर साठा दलघमीत असतो, दशलक्ष घनमीटर. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. जायकवाडीचे २,९०९ दलघमी म्हणजे शंभरहून थोडे अधिक टीएमसी, कोयनेच्या १०५ टीएमसीच्या जवळपास. आणि केंद्राच्या कागदात क्युसेकच्या जागी कधी क्युमेक दिसेल. तो घनमीटरचा आहे, क्युसेकच्या ३५ पट. एका अक्षराचा फरक, आणि पूर पस्तीस पट मोठा.

साठा आणि वेग यांची हीच गल्लत विजेतही होते. मेगावॉट ही क्षमता, युनिट हा वापर. कोयना प्रकल्प १,९६० मेगावॉटचा, हे बरोबर. पण ‘शहराने महिन्यात इतके मेगावॉट वीज वापरली’ असं कुणी लिहून आणलं तर कॉपी परत पाठव. सरकारची तूट आणि सरकारचं कर्ज, हीसुद्धा त्याच जातीची जोडी. तूट वर्षाची, कर्ज साचलेलं.

आता टक्केवारी. इथे बहुतेकांची दांडी गुल होते. मे २०२२ पर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ ला तो ६.५० झाला. किती वाढला? अडीच पर्सेंटेज पॉइंट. बँकवाले त्याला २५० बेसिस पॉइंट म्हणतील, कारण एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग. पण मूळ चाराच्या मानाने बघितलं तर वाढ साडेबासष्ट टक्के. इंग्रजीत ‘पर्सेंट’ आणि ‘पर्सेंटेज पॉइंट’ असे दोन शब्द आहेत, मराठीत आपण दोन्हीला टक्केच म्हणतो, आणि मग ‘अडीच टक्क्यांनी वाढ’ हे एकाला खरं वाटतं, एकाला खोटं. टक्केबिंदू असा शब्द काही जण वापरतात. वाईट नाही, पण वाचकाच्या तोंडी अजून बसलेला नाही. मी तुला सोपा मार्ग सांगतो. दोन्ही टोकं लिहून टाक : ‘४ वरून ६.५० टक्के’. भांडण तिथेच मिटतं. मतदानाची टक्केवारी, पक्षाची मतं, बेरोजगारी, कशातही हेच कर.

‘बाय’ आणि ‘टू’ तर अगदी चिमुकले. ‘फेल बाय ट्वेंटी पर्सेंट’ म्हणजे वीस टक्क्यांनी घटलं, ऐंशी उरलं. ‘फेल टू ट्वेंटी पर्सेंट’ म्हणजे वीस टक्क्यांवर आलं, ऐंशी गेलं. आपल्याकडे हे काम ‘नी’ आणि ‘वर’ करतात, इतकं स्वच्छ की चुकायला जागाच नको. तरी मे महिन्यात धरणसाठ्याच्या बातम्यांत दरवर्षी हे उलटंपालटं झालेलं दिसतं. ‘साठा २० टक्क्यांनी घटला’ वाचून लोक निर्धास्त राहतात, आणि धरणात खरंच वीसच टक्के असतात.

पावसाच्या बातमीत ‘नॉर्मल’ हा शब्द फार सरळ चेहऱ्याने येतो. हवामान विभाग देशभराच्या मोसमी पावसाबद्दल बोलतो तेव्हा दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के म्हणजे नॉर्मल. ती सरासरी जून ते सप्टेंबर मिळून ८७ सेंटिमीटर. जिल्ह्याच्या तक्त्यात मात्र सरासरीहून १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, सगळं नॉर्मलच. शब्द एक, मापं दोन. जिल्ह्यात अठरा टक्के तूट असताना ‘सामान्य पाऊस’ असा मथळा दिलास, तर नियमाने तू बरोबर आणि दुष्काळी माणदेशातल्या वाचकाच्या लेखी तू वेडी. म्हणून ‘सामान्य’च्या जोडीला तुटीचा आकडा द्यायचाच.

महागाईचंही असंच. महागाईचा दर सहावरून पाचावर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नाही. शंभराची वस्तू पहिल्या वर्षी १०६ ला गेली, दुसऱ्या वर्षी १११ रुपये ३० पैशांना. चढ मंदावला, उतार नाही लागला. ‘महागाई घटली’ असा मथळा देऊन बाजारात जाऊन ये, भाजीवाली तुला समजावून सांगेल.

पटींबद्दल थोडक्यात. शंभराचे तीनशे झाले की तिप्पट झाले; वाढ दोनशे टक्के. ‘तीनशे टक्के वाढ’ म्हणजे चारशे. इंग्रजीत ‘थ्री टाइम्स मोअर’ लिहिणाऱ्यांनाच पुष्कळदा ठाऊक नसतं की त्यांना तीनशे म्हणायचंय की चारशे, तेव्हा मूळ आकडे शोध आणि तेच दे. ‘तीन पट कमी’ हे कधीच लिहू नकोस. एक तृतीयांश झालं, असं लिही.

सीईटीचा निकाल लागला की पर्सेंटाइल येतं. दहावीचे नव्वद टक्के म्हणजे शंभरातले नव्वद गुण. सीईटीचे नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभर मुलांतली नव्वद तुझ्या बरोबरीला किंवा मागे. गुण किती पडले ते त्यात दिसतच नाही. चार लाख पोरं परीक्षेला बसली असतील तर नव्वद पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे चाळीस हजारांच्या आसपास असतात. आईबाप पेढे वाटून मोकळे होतात आणि प्रवेशाच्या यादीपाशी येऊन थबकतात. पेपरने हे आधीच समजावून सांगितलेलं बरं.

अपघात, दंगल, पूर, अशा बातम्यांत शब्द आणखी जपून. ‘कॅज्युअल्टी’ म्हणजे मृत असं धरून चालू नकोस, त्यात जखमीही येतात. ‘टोल’ आला तर सहसा मृतांची संख्या. कोल्हापुरात टोल म्हटलं की लोकांना वेगळंच आंदोलन आठवतं, ते सोड. ‘ॲट लीस्ट’ला ‘किमान’ लिही आणि तो ‘किमान’ मथळ्यातसुद्धा ठेव. जागा नाही म्हणून तो गाळतात आणि दुसऱ्या दिवशी आकडा वाढला की पेपर खोटा ठरतो. ‘अनदर ट्वेल्व्ह’ म्हणजे आणखी बारा, एकूण नव्हे. एकूण शोधून काढ, मथळ्यात एकूणच घे. ‘स्कोअर्स इंज्युअर्ड’मधला स्कोअर वीस म्हणून मोजत बसू नकोस, आपल्याकडे वीस नगांची कोडी असते तसा तोही मुळात विसाचा, पण बातमीत त्याचा अर्थ नुसता ‘अनेक’. ‘नियरली फिफ्टी’ म्हणजे पन्नासला थोडे कमी, ‘फिफ्टी-ऑड’ म्हणजे पन्नासहून थोडे वर. मराठीत ‘पन्नासेक’ दोन्हीकडे झुकतं, आणि ‘शेपाचशे’ तर कुठेही झुकतं. सभेच्या गर्दीला ‘शेपाचशे’ चालेल. मृतांच्या संख्येला अजिबात नाही. आणि ‘अप टू फिफ्टी पर्सेंट’ जाहिरातीत असो की सरकारी योजनेत, त्यातलं ‘पर्यंत’ गाळलंस की पन्नास टक्के सगळ्यांनाच मिळणार असं होतं. दारात रांग लागते ती त्या गाळलेल्या ‘पर्यंत’ची.

‘बाय’ नावाचा आणखी एक, हा शब्दाच्या पुढे चिकटणारा. रेल्वेची बायवीकली गाडी आठवड्यातून दोनदा धावते. रिझर्व्ह बँकेचं बायमंथली पतधोरण मात्र दोन महिन्यांतून एकदा येतं. उपसर्ग तोच, अर्थ उलटा, आणि इंग्रजी शब्दकोशवालेही दोन्ही अर्थ देऊन हात झटकतात. त्यामुळे अंदाजाने लिहू नकोस, वेळापत्रक उघडून बघ. वर्षाच्या बाबतीत मात्र इंग्रजीत वेगळे शब्द आहेत. बायॲन्युअल म्हणजे वर्षातून दोनदा, बायेनियल म्हणजे दोन वर्षांतून एकदा. राज्यसभेच्या निवडणुका बायेनियल, कारण दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. त्याला आपण द्वैवार्षिक म्हणतो, ‘सहामाही’ करू नकोस.

कितवा आणि किती, यांची गल्लत आपल्या घरातही होते. १५ ऑगस्ट २०२२ ला स्वातंत्र्याला ७५ वर्षं झाली, पण स्वातंत्र्यदिन ७६ वा होता, कारण १९४७ चा तो पहिला. दोन्ही आकडे खरे, फक्त ‘वर्षं’ आणि ‘वा’ यांची अदलाबदल व्हायला नको. ‘वर्ष लागलं’ आणि ‘वर्ष पूर्ण झालं’ हा भेद आपल्या आज्या चोख पाळायच्या. साठ पूर्ण होऊन एकसष्टावं लागलं की एकसष्टी. तोच कान शतकांना लाव. नाइन्टीन्थ सेंचुरी म्हणजे १८०१ ते १९००, एकोणिसावं शतक. ‘नाइन्टीन हंड्रेड्स’ म्हणजे १९०० पासून पुढे, ढोबळमानाने विसावं शतक. ‘एटीज’ म्हणजे १९८० ते ८९. त्याला ‘आठवं दशक’ म्हटलंस की १९७१ ते ८० होतं. ‘ऐंशीचं दशक’ लिही. आणि माणूस ‘इन हिज सेव्हन्टीज’ असेल तर तो सत्तरीत आहे. ‘सत्तर वर्षांचा’ म्हणजे वय ठाम सांगितल्यासारखं होतं.

सरासरीपाशी एकदा बसू. एका कचेरीत चौघांना वीस-वीस हजार पगार आणि मालक स्वतः पाच लाख घेतो. बेरीज पाच लाख ऐंशी हजार, भागिले पाच, सरासरी पगार एक लाख सोळा हजार. त्या कचेरीत असा पगार घेणारं एकही माणूस नाही. सगळ्यांना चढत्या क्रमाने उभं करून मधल्याला विचारलं तर वीस हजार. ही दुसरी गोष्ट म्हणजे मीडियन. तू दहावीला बालभारतीच्या पुस्तकात मध्य आणि मध्यक शिकलीस ते हेच, मध्य म्हणजे मीन, मध्यक म्हणजे मीडियन. उत्पन्न, घराच्या किमती, जमिनी, जिथे चार माणसांकडे फार आणि बाकीच्यांकडे थोडं असतं तिथे मध्यक मागायचा. भारताचं मीडियन वय सुमारे २८ म्हणजे निम्मा देश त्याहून लहान. त्याला ‘भारतीयांचं सरासरी वय’ लिहितात, मला ते पटत नाही. पण ‘मध्यक’ लिहिलं तर वाचक पळतो हेही खरं, म्हणून मी ‘निम्मे भारतीय अठ्ठावीसच्या आतले’ असं लिहून सुटायचो.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. परदेशातून सोन्याचा भाव औंसावर येतो तो ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅमचा, वाण्याकडचा औंस २८.३५ ग्रॅमचा. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, भाव दहा ग्रॅमवर सांगतात, तोळा मात्र ११.६६ ग्रॅमचा. अमेरिकेचा टन ९०७ किलोचा, आपला एक हजाराचा. ‘टेन फीट स्क्वेअर’ची खोली म्हणजे दहा बाय दहा, शंभर चौरस फूट, ‘टेन स्क्वेअर फीट’ म्हणजे धड पानाची टपरीही नाही. ‘फ्युअर’ आणि ‘लेस’चा वाद इंग्रजी लिहिणाऱ्यांचा आहे, आपल्याला दोन्हीला ‘कमी’ पुरतं. ‘डबल डिजिट’ म्हणजे दोन अंकी, ‘सिक्स फिगर’ म्हणजे सहा आकडी, लाखातला पगार. आकडा हा शब्द जपून वापर, आपल्याकडे आकडा लावतातही आणि तारेवर टाकतातही.

रात्री उशिरा वार्ताहराचा फोन आला आणि त्याने इंग्रजी आकडा सांगितला तर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात. त्याला सुटे अंक सांगायला लाव, एक-पाच की पाच-शून्य. मराठीत सांगितलं तरी हेच कर. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्या मध्ये दहा माणसं असतात, आणि पाऊस पत्र्यावर वाजत असला की ‘साठ’ की ‘सत्तर’ कुणालाच ऐकू येत नाही. तो वैतागेल, ‘साहेब, सांगितलं की एकदा’ म्हणेल. म्हणू दे. आकडा तू मोठ्याने परत म्हणून दाखव, त्याच्याकडून ‘हो’ घे, आणि मगच ऑपरेटरला पान सोडायला सांग.